अकरा गोधड्या आणि एक

पाऊस गेला, असं गोरक्षने बुधवारी सकाळी अंगणात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला फक्त शेजारचा सहादू होता आणि त्यालाही पंचवटीचा बाजार गाठायचा होता, पण गोरक्षला तेवढा श्रोता पुरला. ऊन तरी कसं, पितृपक्षातच वैशाख आल्यासारखं. दसऱ्यासाठी लावलेला त्याचा झेंडू आताच उमलून बसला होता. "आता थेंब पडला तर मिशी काढीन," असंही तो बोलून गेला.

उन्हामागे त्याचा एक बेत होता. बायको उज्वला चार दिवसांसाठी सटाण्याला आईला आणायला गेली होती. शनिवारी दोघी येणार, रविवारी घट बसणार. घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुवून निघालं पाहिजे, एकही पारोसं राहता कामा नये, हा घराचा कायदा. तेव्हा सगळ्या गोधड्या आपणच धुवायच्या आणि उज्वलाला एका शब्दाने कळू द्यायचं नाही!

खरं म्हणजे हे सगळं सासूबाईंसाठी होतं. उन्हाळ्यात गोजराबाईंनी त्याला वाळत्या कुरडया राखायला बसवलं, त्याला डुलकी लागली आणि शेजारच्या शेळीने निम्मी खाट साफ केली. "जावईबापूंना काम सांगण्यापेक्षा आपण दुप्पट करावं," असं त्या चार बायकांत म्हणाल्या होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून एक बरा शब्द त्याने ऐकला नव्हता.

आतल्या खोलीत गोधड्यांची दोन मोठी गाठोडी जुन्या साडीत बांधून ठेवलेली होती. धुवायला न्यायच्या म्हणूनच बांधल्या असणार. त्याने ती विहिरीवरच्या हौदाशी नेली आणि अकराच्या अकरा गोधड्या मोटर लावून धुतल्या. पाणी जराही मळलं नाही. नवीन पावडर झकास निघाली, असं त्याला वाटलं.

वाळत घालायला टोमॅटोच्या तारा होत्याच. बांबू, तारा, वर ऊन, सगळं कसं तयार. दुपारी तीनपर्यंत गोधड्या अर्ध्या सुकल्या आणि गोरक्ष समाधानाने जेवायला बसला. दुसरी भाकरी मोडतो तोच चांभारलेण्याच्या डोंगरामागून काळं भरून आलं.

असा पाऊस आषाढातही झाला नव्हता. भिजलेली गोधडी म्हणजे काय वजन, ते ती उचलणाऱ्याला विचारा. आधी एक बांबू वाकला, मग सगळी ओळ करकरत आडवी झाली आणि तिच्यामागून आणखी दोन. तोडणीला आलेले टोमॅटो खाली, त्यांच्यावर गोधड्या, त्यांच्यावर चिखल. गोरक्ष तिथेच पावसात बसला. रडू येत होतं, पण कुणी बघायला नव्हतं म्हणून आवरलं.

गुरुवारी गोधड्या पुन्हा धुतल्या. पाऊस थांबला नाही आणि हवा अशी गारठली, की लोकांनी पेटीतले स्वेटर काढले. शुक्रवारी सकाळी तो सहादूकडे गेला. सहादूने मिशीकडे एकदा नीट पाहिलं आणि पॉलिहाऊसची चावी दिली. आत ढोबळी मिरची होती आणि ढगाळ दिवसातही छान ऊब होती. गोरक्षने मिरचीच्या दोऱ्यांना हात न लावता लोखंडी पाइपांवर गोधड्या टांगल्या. दुपारी चक्क ऊन पडलं. तासाभरात वाफा निघाल्या, हाताला कोरडं लागू लागलं. देव आहे, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात वर काहीतरी फुसफुसलं. उष्णता वाढली की मिरचीवर पाण्याचे फवारे आपोआप सुरू होतात, हे सहादू सांगायचं विसरला होता. बटण कुठे आहे, ते सहादूलाच ठाऊक, आणि सहादू बाजारात. फवारे थांबेपर्यंत गोरक्ष आत अकरा गोधड्यांबरोबर उभ्याने भिजला.

शनिवारी दुपारी, भुरभुर पावसात, उज्वला आणि गोजराबाई आल्या. सासूबाईंना दमा, त्यात हा गारठा. ओसरीभर टांगलेल्या गळक्या गोधड्या पाहून त्या म्हणाल्या, "हाई काय शे?"

गोरक्षने सगळं सांगितलं. उज्वलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, त्या मी धुवून, कडक वाळवून बांधून ठेवल्या होत्या. कुणाचा हात लागू नये म्हणून," ती म्हणाली. "राहिली होती ती फक्त तुमच्या अंगाखालची. ती तरी धुतली का?"

गोरक्षने खाटेकडे पाहिलं. बारावी गोधडी तिथे होती. महिनाभराची मळलेली आणि खडखडीत कोरडी. गोजराबाईंनी ती केव्हाच ओढून घेतली होती आणि कानापर्यंत गुंडाळून त्या खाटेवर बसल्या होत्या.

"बरं केलं जावईबापूंनी, एवढी तरी कोरडी ठेवली," त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांनी बरा शब्द मिळाला. पण उद्या घट बसायचे होते. ती एक गोधडी आजच्या आज धुवायलाच हवी होती, आणि सासूबाईंच्या अंगावरून ती कुणी काढायची, हे उज्वलाने नुसतं त्याच्याकडे बघून सांगितलं.