एक टक्क्यावरचे सेतूराव

बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा सेतूरावांनी नवऱ्यामुलाचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "क्लास काय?" शिक्षण नाही, नोकरी नाही, थेट क्लास.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यात करंट ट्रान्सफॉर्मर बनतात. मोठ्या ग्राहकाचा शेकडो अँपियरचा प्रवाह मीटरला झेपत नाही, म्हणून तो ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला द्यायचा. त्यात चूक किती चालेल ते क्लास सांगतो. आकडा जितका लहान, तितका माल अचूक. सेतूराव तंजावरी मराठी, टेस्टिंगचे प्रमुख, आणि क्लास माणसांनाही असतो अशी त्यांची पक्की श्रद्धा. कंपनीची बस क्लास वन. कँटीनचं सांबार थ्री, कारण मीठ अंदाजपंचे. मी पुण्याचा म्हणून सुरुवातीला पॉइंट फाइव्ह होतो; दोनदा बस चुकवल्यावर मलाही वनमध्ये टाकलं. मॅनेजरसाहेबांना मात्र क्लासच नव्हता. "मोजायजोगं कांही सापडूं दे," म्हणायचे.

स्वतःचा क्लास विचारला, की लगेच डबा उघडायचे.

मार्चअखेरीस एक लॉट अडला. पाटीवर पॉइंट फाइव्ह एस. एस म्हणजे प्रवाह एक टक्क्यावर आला तरी माप बिघडता कामा नये. हा लॉट एरवी चोख, एक टक्क्यावर नापास. ट्रक दारात उभा होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, एक टक्क्यावर कोण बघतंय, सही करा. सेतूराव निवृत्तीनंतर करारावर होते आणि करार त्याच आठवड्यात वाढायचा होता. साहेबांनी त्याचीही आठवण करून दिली, अगदी मायेनं. सेतूरावांनी लाल पेनानं 'नापास' लिहिलं आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी बसमध्ये मी चिडून म्हटलं, एका टक्क्यासाठी एवढं?

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शंभरावर कोणीही मोजतो रे. माझी बायको कधी ओरडली नाही. दोन महिने म्हणायची, अंमळ दम लागतो. मी म्हटलं, सरी, बरं, कॉफी पी. तिसऱ्या महिन्यांत गेली. ओरडली असती तर मज कळलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं विचारायचास ना माझा क्लास? पॉइंट फाइव्ह. एस नाही."

मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं या माणसाच्या नकला करून कँटीन हसवलं, त्याची लाजही वाटली.

आता रविवारी मी चेन्नईच्या आवडी उपनगरात त्यांच्या घरी जातो. गेल्या रविवारी फोनवर म्हणाले, येऊं नको, सगळं बरं आहे. आवाज नेहमीचाच होता, फक्त किंचित बारीक. मी मिळेल ती गाडी पकडून गेलो. अंगात चांगलाच ताप होता. त्यांना खुर्चीत बसवून मी कॉफी करायला आत वळलो, तेव्हा मागून हळूच म्हणाले, "एस."