पट्ट्याखालचा स्वेटर

रविवारच्या मिस्साहून घरी येऊन चहा घेतो न घेतो तोच वॉल्टर लोपीसची परीक्षा सुरू झाली. परीक्षक होती त्याची सख्खी मुलगी ॲनिशा, केंद्र होतं गास गावातलं त्याचं स्वतःचं अंगण, आणि प्रश्नपत्रिका मारुतीच्या मागच्या सीटवर बसून पाय हलवत होती. प्रश्नपत्रिकेचं नाव ज्युड, वय दोन वर्षं, राहणार टोरांटो.

ॲनिशा नाताळाला माहेरी आली ती दोन बॅगा, एक मूल आणि त्या मुलाची एक खुर्ची घेऊन. गाडीत बसवायची गुबगुबीत खुर्ची, तिला पाच पट्टे, आणि ते सगळे पट्टे पोटापाशी एका लाल बटणाच्या बकलात येऊन अडकायचे. पहिल्या दिवशी ती पाहून शेजारीपाजारी हळूच विचारून गेले, पोराला चालता येतं ना? या खुर्चीशिवाय ज्युड कुठल्याही गाडीत बसणार नाही हा ॲनिशाचा कायदा होता. आणि पट्टे लावणं फक्त ॲनिशालाच जमत असल्यामुळे ज्युड तिच्याशिवाय कुठेच जात नव्हता.

वॉल्टरला एवढंच हवं होतं की नातवाला एकदा तरी आपण एकट्याने, आपल्या गाडीतून मिरवावं. निमित्तही होतं. वसईला राहणारी त्याची थोरली बहीण थेरेसा गुडघ्यांपायी उंबरठा ओलांडत नव्हती, तिला नातू दाखवायचा होता. ॲनिशाचं विमान शुक्रवारी होतं. आता नाही, तर पुन्हा दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर नातू खुर्चीत मावणार नाही आणि आजोबाचं काय सांगावं.

"पप्पा, आधी काय करायचं?" ॲनिशाने विचारलं.

"आधी जाड कपडे काढायचे."

"का?"

"तू सांगितलंस म्हणून."

"तसं नाही हो. जाड कपड्यावरून पट्टा घट्ट वाटतो, पण तो कपड्याला घट्ट असतो, पोराला नाही. खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडून बघायचा. चिमटीत आला की समजायचं सैल आहे."

"अगं, सगळी नोकरी लेथ मशीनवर गेली माझी. ह्या दोन पट्ट्यांचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणत वॉल्टरने ज्युडला नुसत्या टी-शर्टवर बसवलं, बकल लावलं, पट्टे ओढले आणि चिमूट घेऊन दाखवली. ॲनिशाने स्वतः एकदा चिमूट घेऊन पाहिली, ज्युडच्या अंगावर पट्ट्यांवरून छोटी चादर पांघरली आणि म्हणाली, "पास. पण सावकाश जा." वॉल्टरला एसएससी पास झाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

एवढ्यात टोरांटोहून जावयाचा फोन वाजला, ॲनिशा घरात पळाली, आणि फाटकापाशी क्लारा आडवी आली.

क्लारा म्हणजे वॉल्टरची बायको. तिने पाठीमागे लपवलेला हात पुढे केला. हातात स्वेटर होता. फोटोवरून माप काढून पावसाळ्यापासून विणलेला, दुहेरी लोकरीचा, पोपटी, छातीवर पिवळं बदक. ज्युडने तो आल्या दिवशी पाच मिनिटं घातला होता आणि घामाने भिजून काढला होता.

"घाला त्याला," क्लारा म्हणाली.

"अगं, पण ॲनिशा—"

"तिला काय कळतंय? बाहेर दव बघा केवढं पडलंय. उघडं पोर नेताय वसईला, थेरेसाबाय काय म्हणेल? क्लाराला साधा स्वेटर विणता येत नाही?"

"पोर टोरांटोचं आहे. त्याच्या दारात बर्फ असतो."

"तिकडची थंडी कोरडी असते. इकडे समुद्राचं वारं आहे, ते छातीत बसतं. घालताय की मी येऊ बरोबर?"

इकडे आड, तिकडे विहीर. वॉल्टरने घराकडे पाहिलं, ॲनिशाचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. त्याने लाल बटण दाबून बकल उघडलं, ज्युडला स्वेटरात कोंबलं आणि पुन्हा पट्टे लावायला घेतले. ते आता पुरेनात. मग त्याने पट्टे पार शेवटपर्यंत ढिले सोडले, बदकाला आत दाबलं, स्वेटरची खालची कड खाली खेचली आणि सगळा भार टाकून बकल दाबलं. खट्ट असा आवाज झाला. चिमूट घेतली, पट्टा चिमटीत आला नाही. वॉल्टरने मनात म्हटलं, दोघींचाही मान राहिला, आणि गाडी काढली.

रस्त्यात एक कुत्रं आडवं आलं तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे ज्युड खिदळला. "बघितलंस? पट्टा," वॉल्टर त्याला अभिमानाने म्हणाला.

थेरेसाबायच्या दारात गाडी थांबली. वॉल्टरने मागचं दार उघडून लाल बटण दाबलं. काही झालं नाही. अंगठ्याने दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, गुडघा टेकून दाबलं. ज्युडला हा खेळ फार आवडला आणि तो वॉल्टरचं नाक दाबू लागला. वॉल्टरने वाकून पाहिलं तेव्हा कळलं की स्वेटरची कड बकलात गेली होती आणि दुहेरी लोकर आत घट्ट ठासून बसली होती.

"वॉल्टर, अरे आणतोस ना त्याला आत? की रस्त्यावरूनच दाखवतोस?" आतून थेरेसाबायची हाक आली.

शेजारचा फर्डिनंड लुंगी सावरत आला. कुणाच्याही घरी काहीही अडलं की फर्डिनंड आपली हत्यारांची पेटी घेऊन हजर व्हायचा, आणि तो आला की अडलेलं मोडायचं. त्यानेच तोड काढली की पोर निघत नसेल तर खुर्चीच काढू. खुर्ची धरून ठेवणाऱ्या गाडीच्या पट्ट्याचं बटण बिचारं पहिल्या दाबात उघडलं. मग एका बाजूने वॉल्टर, दुसऱ्या बाजूने फर्डिनंड आणि मधे खुर्चीवर हात हलवणारा ज्युड अशी स्वारी चर्चच्या फेस्ताच्या मिरवणुकीतल्या मूर्तीसारखी गल्लीतून घरात शिरली. समोरची एक म्हातारी सवयीने उठून उभी राहिली.

"हे असंच आणतात कॅनडात?" थेरेसाबायने विचारलं.

वॉल्टरने सगळं सांगितलं. सांगून होतंय तोच फोन वाजला. थेरेसाबायने तो घेतला आणि वॉल्टरने तिच्यापुढे हात जोडले.

"आत्या, पोचले का पप्पा?" पलीकडे ॲनिशा होती.

थेरेसाबायला फादर सकाळीच घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देऊन गेले होते. त्या तोंडाने खोटं बोलणं शक्य नव्हतं. "पोचले गो," ती म्हणाली.

"आणि ज्युड काय करतोय?"

"खुर्चीत बसलाय. अजून उठलाच नाही बघ त्यातून."

"सवय आहे ना त्याला. मी म्हणत होते पप्पांना," असं म्हणून ॲनिशाने खुशीत फोन ठेवला.

मग फर्डिनंड कामाला लागला. बकलात खोबरेल तेल घालून झालं, केसांची पिन घालून झाली. पिन वाकली, तेल बदकाला लागलं. शेवटी त्याने पेटीतून करवत काढली. "पट्टा कापतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावू नको. पोरगी मला जिवंत ठेवणार नाही."

"मग कात्रीने स्वेटर कापू."

"मग बायको ठेवणार नाही."

एवढा वेळ थेरेसाबाय चष्मा लावून स्वेटरच न्याहाळत होती. तिने गळ्यापाशी बोट फिरवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो नातू पाहूनही पडला नव्हता. "क्लाराने विणलाय ना? मला वाटलंच. गळ्याची शेवटची गाठ बघ कशी सोडलीय. चाळीस वर्षं तिच्या विणकामाबद्दल मी एक शब्द काढला नाही, वॉल्टर. आज नाइलाज आहे." आणि तिने सुईच्या टोकाने गाठ सोडवून धागा ओढला.

स्वेटर उसवू लागला. थेरेसाबाय ओढत होती, फर्डिनंड गुंडा करत होता, आणि वॉल्टर घरी गेल्यावर काय सांगायचं याचा विचार करत होता. बाह्या तिने शिवण उसवून वेगळ्या काढल्या, ते करताना तर ती एक जुनं भजन गुणगुणत होती. बदकाची चोच गेली, डोकं गेलं, मान गेली. "बाय बाय, डक," ज्युड म्हणाला. हळूहळू त्याचा टी-शर्ट दिसू लागला. आता बकलात ठासलेला तेवढा पोपटी चोथा राहिला. बकल होतं तसंच बंद होतं.

"आता हा चोथा टोकरून काढायचा," फर्डिनंड पेटीत वाकला.

समोर टेबलावर नाताळातल्या गोड, तळलेल्या कुलकुलांची बशी होती. ज्युडची तिच्यावर मघापासून नजर होती. त्याने एक खांदा आत घेतला, दुसरा आत घेतला, दोन्ही हात पट्ट्यांतून बाहेर काढले, खुर्चीत सरळ उभा राहिला, पाय बाहेर टाकला आणि चालत जाऊन कुलकूल खाऊ लागला.

खुर्ची रिकामी होती आणि तिचे पाचही पट्टे व्यवस्थित लावलेले होते. थेरेसाबायच्या हातातला धागा तसाच राहिला.

वॉल्टर पुढे झाला. त्याने पट्ट्याखाली चिमूट घेऊन पाहिली. मग मूठ घालून पाहिली, ती गेली. कोपरापर्यंत हात घातला, तोही गेला. त्याला ते कुत्रं आठवलं, करकचून दाबलेला ब्रेक आठवला. एवढा वेळ आपण नातवाला नाही, बदकाला बांधून आणलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. त्याने ज्युडला जवळ ओढून घट्ट धरलं. ज्युडने त्याच्या तोंडात अर्धं खाल्लेलं कुलकूल कोंबलं.

फर्डिनंडने चोथा काढला आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू न मोडता उघडली. परतताना वॉल्टरने पट्टे टी-शर्टवरून लावले, वरून चादर पांघरली, आणि गास येईपर्यंत तीन वेळा गाडी बाजूला घेऊन चिमूट घेतली. मागून सायकलवाले त्याला मागे टाकत होते.

अंगणात ॲनिशाने दार उघडून पट्टा तपासला. "पप्पा, एवढं छान तर मलाही जमत नाही. उद्यापासून तुम्हीच न्या त्याला."

क्लाराने मात्र पोर पाहिलं नाही, सीटवरचा पोपटी गुंडा पाहिला. "स्वेटर?"

"बायने उसवला," वॉल्टर म्हणाला. हे खरंच होतं.

"वाटलंच मला. जळते ती," क्लारा म्हणाली आणि गुंडा घेऊन आत गेली. रात्रीचं जेवण तिने भांडी आपटतच वाढलं. स्वेटर वसईला कसा गेला, बायने तो का उसवला, ॲनिशाला काही कळलं नाही, आणि वॉल्टरने मासळीच्या काट्यांत डोकं घालून जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एका नात्यातल्या साखरपुड्याला निघाले. रात्रीतून थंडी वाढली होती. बर्फातून आलेल्या ॲनिशाला गासच्या दवाने सर्दी झाली होती आणि ती आपलं फुगीर जाकीट घालून पुढच्या सीटवर शिंकत बसली होती. मागे ज्युड खुर्चीत, शेजारी क्लारा जाड स्वेटरवर शाल लपेटून. तिने कालपासून नवऱ्याशी अबोला धरला होता.

वॉल्टर गाडी सुरू करून तसाच बसला. मग त्याने वळून ज्युडची चिमूट घेतली. मग क्लाराची घेतली. "शाल काढ. स्वेटरही काढ. आधी पट्टा, मग वरून पांघर."

"ह्या वयात?"

"ह्या वयात." मग तो लेकीकडे वळला. तिच्या पट्ट्याखाली जाकीट फुगलं होतं. "तूही. काढ."

"पप्पा, मोठ्यांचं एवढं नसतं. आणि मला थंडी वाजतेय."

"ज्युडलाही वाजते म्हणून काल मी त्याला स्वेटर घालून बांधला," वॉल्टर समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "वाटेत कुत्रं आलं, ब्रेक मारला. देवाची कृपा, हळू होतो. बायकडे स्वेटर उसवला, तर बकल बंद आणि पोर चालत बाहेर. उसवला नसता तर तसाच परत आणला असता मी त्याला."

ॲनिशाने जाकिटाची चेन खाली ओढली. ते काढून तिने पट्टा पुन्हा लावला आणि मागे वळून ज्युडच्या पायावर हात ठेवला. क्लाराने शाल काढून घडी केली, स्वेटर डोक्यातून काढला, आणि हुडहुडत, अगदी हळू म्हणाली, "बायने उसवला ते बरं केलं."

चाळीस वर्षांच्या संसारात क्लाराने नणंदेच्या बाजूने काढलेलं हे पहिलंच वाक्य होतं. ते ऐकून वॉल्टरचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी फाटकातच बंद पडली.