चार नंबरची अ‍ॅक्शन

सरनोबतकाका कुणाच्या घरी गेले की यजमानांच्या आधी दाराच्या कडीची विचारपूस करत. डोळे मिटून कडी तीनदा पुढेमागे सरकवायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. शारजातल्या आमच्या फ्लॅटचा निकाल पहिल्याच भेटीत लागला. "एका अंगानं बसतीया, दुसरं अंग हवेत. खलास!" त्यावर आमची सहा वर्षांची कन्या म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ डोअर." काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की मलाच तिच्या संस्कारांची लाज वाटली.

काका मूळचे कोल्हापूरचे, बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत एकटे राहायचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका म्हाताऱ्या अरबाबाचं, म्हणजे त्यांच्या मालकाचं, बंदूक दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे काका वीस वर्षं काम करत होते. मी त्यांना ओळखू लागलो तोवर दुरुस्तीची कामं जवळजवळ आटली होती. उरलं होतं एकच काम, आणि ते पुढे चार वर्षं चाललं.

अरबाबाला आफ्रिकेतल्या शिकारीसाठी खास रायफल बनवून हवी होती. अशा रायफलीची नळी नवी, लाकडी दस्ता नवा, पण मधलं पोलादी काळीज जुन्या रायफलीतून काढून घेतात. त्यात बोल्ट कडीसारखा सरकतो आणि काडतूस नळीत बसवतो. याला म्हणतात अ‍ॅक्शन. ती कोणती घ्यायची एवढंच काकांनी ठरवायचं होतं. पुढचं सगळं युरोपातला एक कारागीर करणार होता.

एवढंच! पण पत्रिका बघून मुली नाकारणाऱ्या एखाद्या खवट वरपित्यानं लाजावं, अशी काकांची तऱ्हा. एक जर्मन आली, तिच्या दस्त्याखाली गंजाचे खड्डे. एक स्वीडिश आली, दिसायला देखणी, पण लांबीला कमी, मोठं काडतूस मावेना. एकीला आधीच्या कुणी गाढवानं भलतीकडे भोकं पाडलेली. एकीला चकाकी आणण्याच्या नादात इतकं घासलेलं की अंगात पोलादच उरलं नव्हतं. माझ्या मेहुणीला स्थळं बघत होते तेव्हा बायकोनं कौतुकानं काकांना एका मुलाचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "पोरी, पॉलिश बघू नगंस. अ‍ॅक्शन बघ." बायकोनं पुढे दोन महिने त्यांना चहाच विचारला नाही.

शेवटी काकाच आपणहून आले, तेही काजळ मागायला. बोल्टच्या पुढे दोन जाड दात असतात, गोळी सुटताना सगळा धक्का ते झेलतात. दोन्ही दात सारखे टेकतात की नाही, हे बघायला काका त्यांना काजळ लावायचे. बाजारचं त्यांना चालत नसे. "त्यात मेण असतंय. तुझं घरचं दे." माझ्या बायकोनं तुपाच्या दिव्यावर मुलीसाठी धरलेलं काजळ असं रायफलीच्या कामी लागलं.

मी दुबईतल्या देरा भागात एका शिपिंग कंपनीत नोकरीला होतो. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस. देरा ते शारजा रस्त्यावर दोन तास गाड्यांच्या रांगेत उकडून निघालो की घरी जाण्याआधी मी वर्कशॉपवर डोकवायचो. तिथे गुरुवारचा दरबार भरलेला असायचा. अरबाब पंचाहत्तरी ओलांडलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. गाहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आणि खजूर घेऊन बसलेले. काका नवी आलेली अ‍ॅक्शन त्यांच्यापुढे ठेवायचे. अरबाब लहानपणी वडिलांच्या गलबतातून मुंबईला येऊन गेलेले, त्यामुळे बोलणं हिंदीत.

"क्या खबर, सर्नोबा?"

"अरबाब, सूरत अच्छी है, कलेजा खराब."

"खलास. दूसरा ढूँढो."

मग अ‍ॅक्शन बाजूला पडायची आणि दोन तास गप्पा. गलबतं, कोल्हापुरी गूळ, कोणत्या वाऱ्याला कोणतं हरण कुठे उभं राहतं. मी कंटाळून निघायचो तेव्हाही ते दोघं बसलेलेच असायचे.

चार नंबरची अ‍ॅक्शन आली तेव्हा मी योगायोगानं आधीच पोहोचलो होतो. काकांनी काजळ लावलं, बोल्ट बंद केला, उघडला. दोन्ही दातांवरचं काजळ सारखं पुसलं गेलं होतं. काकांनी ती उराशी धरली. "लेका, ही खरी! अशी आयुष्यात एकदा मिळती." मला वाटलं, संपलं एकदाचं. तासाभरानं अरबाब आले आणि काका शांतपणे म्हणाले, "अरबाब, पोलाद नरम है." चार नंबर फलाटीनच्या कापडात गुंडाळून खणात गेली. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायची खोड म्हणतात ती हीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यानंतर आणखी सात आल्या आणि सातही नापास झाल्या.

अरबाबाचा मुलगा सालेम दुबईत बिल्डिंगा बांधायचा. वाईट नव्हता, घाईत असायचा. एका गुरुवारी त्यानं मला बाहेर गाठलं. "फोर इयर्स, हबीबी! वन रायफल!" ईदपर्यंत अ‍ॅक्शन ठरली नाही तर सरनोबतचा व्हिसा कॅन्सल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मी घाबरलो. काकांची नोकरी वाचवायची तर आपणच काहीतरी करायला हवं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "चार नंबर एकदम चांगली आहे. काका उगीच चिकित्सा करतात. खणात बघा."

घरी जाऊन मी बायकोला हे मोठ्या अभिमानानं सांगितलंही.

पंधरा दिवसांत चार नंबर युरोपला रवाना झाली. काम उरलं नाही म्हणून वर्कशॉप बंद झालं, आणि वर्कशॉप बंद म्हणून व्हिसा संपला. सालेमनं काकांना त्यांचं सगळं देणं, वर विमानाचं तिकीट दिलं. मी काकांच्या खोलीवर गेलो तेव्हा ते शर्टांच्या घड्या घालत होते.

"काका, मला वाटलं तुम्हाला पसंत पडतच नाही."

"पसंत पहिल्याच दिवशी पडली होती रे."

"मग?"

"ठरली असती तर म्हातारा गुरुवारी कशाला आला असता?" त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "एवढं मोठं घर, पण त्याच्याशी बोलाय कुणाला सवड न्हाई. आणि माझ्या घराला तर, तुझी काकी गेल्यापासनं, कुलूपच हाय."

ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मंगळवारी पहाटे मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं, आणि परत येताना गाडी कडेला लावून रडलो.

दोन दिवसांनी गुरुवार. देऱ्याहून सुटलो आणि सवयीनं गाडी इंडस्ट्रियल एरियाकडे वळवली. वर्कशॉपचं शटर खाली होतं. समोर अरबाबांची गाडी एसी चालू ठेवून उभी होती. ड्रायव्हर पुढे पेंगत होता, अरबाब मागे किटली मांडीत धरून बसले होते. मला पाहून ते थोडे सरकले. मी आत बसलो.

मी म्हणालो, "अरबाब, गलती मेरी है. चार नंबर का मैंने बताया."

"चार नंबर अच्छा था," ते म्हणाले. "मैंने उसी दिन हाथ लगाया था. मुझे मालूम था."

"फिर आपने बोला क्यों नहीं?"

त्यांनी गाहवा ओतला. थोडा माझ्या पँटवर सांडला.

"बोलता, तो वो चला जाता."

मला बंदुकीतलं ओ का ठो कळत नाही, गलबतातलंही नाही. तरी मी अंधार पडेपर्यंत तिथे बसलो.