किशोरीच्या गाडीचा नवा दांडा

किशोरी गेल्याचा फोन तिच्याच नंबरवरून आला. मी मालवणच्या जेटीवर एका होडीच्या इंजिनात मान घालून बसलो होतो. ती एसटीने खारेपाटणला बहिणीकडे गेली होती आणि येताना बाजारात उतरून मासे घ्यायची तिला सवय. म्हणून ग्रीसच्या हातानेच फोन कानाला लावला आणि हॅलो वगैरे न म्हणता ओरडलो, "बांगडे हाडू नको गो! कालचेच आसत!"

पलीकडून तिच्या बहिणीचा, रश्मीचा आवाज आला. "भावजी, ताई दुपारची पडली होती... उठलीच नाय हो."

जेटीवरचे लोक अजून सांगतात की मी फोन ठेवून तो इंजिनाचा नट पूर्ण आवळला आणि मगच उठलो. मला आठवत नाही.

आता गाडीचं सांगतो, कारण गोष्ट गाडीची आहे.

इंजिन या विषयात मला कोणी शिकवायचं कारण नाही. मालवणपासून देवगडपर्यंत ज्या होडीचं इंजिन रुसतं, तिचा मालक बाबूला, म्हणजे मला, फोन करतो. पण मला गाडी चालवता येत नाही. होडी येते. रस्त्याला पाणी नसतं, त्यामुळे मला अंदाजच येत नाही! गाडी किशोरीची. जुनी, लाल, छोटी. चालवायची ती आणि शेजारी मी. माझे पाय लांब, त्यामुळे पहिला गिअर टाकताना दांडा दर वेळी माझ्या गुडघ्यावर आपटायचा. "गुडघो बाजूक घेवा हो! गाडी तुमची नाय!" हे मी आमच्या फाटकापासून ओरोसच्या बाजारापर्यंत ऐकत असे.

पुढे तिचा डावा खांदा आखडला. दांडा पुढेमागे ओढताना तोंड वाकडं व्हायचं. तिने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि एक आखूड दांडा मागवला. त्याने गिअर टाकायला हात निम्माच हलवावा लागतो म्हणे. पार्सल आलं तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि घरात सुतक. कुरियरवाला म्हणाला, "किशोरी मॅडम आहेत का?" मी सही केली.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहिलो. कावळा समोरच्या काजूवर बसून आमच्याकडे बघत होता, जशी किशोरी माझ्या इस्त्री न केलेल्या शर्टाकडे बघायची. मुलगी तेजस्वी पुण्याहून आलेली. ती म्हणाली, "आई, बाबांकडे मी बघेन." कावळा गप्प. रश्मीने काहीबाही कबूल केलं. कावळ्याने मान फिरवली. भटजींना अजून दोन ठिकाणी जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले.

"बाबू, तू बोल रे!" शेजारच्या भाईने मला ढोसलं. भाई माझा चुलत भाऊ, वाडीतला वडीलधारा माणूस.

जे तोंडात आलं ते बोललो. "किशोरी, तुझो तो दांडो माझ्या हातान बसयतलंय गो!"

कावळा खाली उतरला आणि दोन उड्या मारून थांबला.

"आणि तुझी गाडी तुझ्याच दारात ऱ्हवतली!"

कावळ्याने भात खाल्ला. जाताना वडाही नेला.

तेजस्वी घरी येताच म्हणाली, "बाबा, कावळा भुकेला होता. गाडी विकूया. तुम्हाला चालवता येत नाही, खाऱ्या हवेत नुसती गंजेल. ओरोसच्या क्वार्टर्समधले एक क्लार्क रविवारी बघायला येतायत."

"मी शब्द दिलंय."

"आईला आवडेल का, गाडीवर कोंबड्या बसलेल्या?"

हा वार बरोबर बसला. मी म्हटलं, "माका एक सकाळ दी. दांडो बसवतंय. तू चालवून बघ. पसंत पडली तर तूच घेवन जा, नाय तर इक."

ती मान हलवून आत गेली. घरी आल्यापासून ती रडली नव्हती. नुसती भांडी घासत होती, घासलेली पण.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गाडीत घुसलो. डबा उघडला. दांड्याबरोबर बसवायची माहिती लिहिलेला कागद होता, तो मी हात पुसायला घेतला. होडीच्या कंट्रोलला दांडा एकच, पुढे टाकला की पुढे, मागे टाकला की मागे. गाडीला पाच गिअर आणि एक उलटा, म्हणजे होडीचंच थोरलं भावंड! जुना दांडा काढला. त्याची मूठ किशोरीच्या तळव्याने घासून गुळगुळीत झाली होती. ती मी बराच वेळ पुसत बसलो. मग नवा बसवला. गिअरबॉक्सकडून दोन वायर येतात, त्या दांड्याला जोडायच्या. नव्या दांड्याला मधल्या खिळीच्या वर भोकं होती आणि खालीही होती. होडीला आम्ही नेहमी वरच्या भोकात घालतो. दोन्ही वायर वरच्या भोकात घातल्या, नट आवळले. "तेजस्वी! ये गो! तुझ्या आवशीची गाडी तयार!"

भाई नारळ घेऊन हजर. नवीन काही सुरू करायचं आणि गाऱ्हाणं घालायचं नाही, हे आमच्या वाडीत चालत नाही. चारपाच माणसं जमली. तेजस्वी आत बसली. भाईने बॉनेटसमोर उभं राहून आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज बाबून ह्या गाडयेक नवीन दांडो बसवलेलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ही गाडी पुढे पुढे जांव दे! मागे म्हणान बघूक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. तेजस्वीने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सणकन मागे गेली! भाईच्या अंगणात त्याच्या बायकोने, सावित्रीवयनीने कोकमाची सालं वाळत घातली होती. ती गेली. मागे मांडवाचा खांब होता. तोही गेला. अर्धा मांडव गाडीच्या टपावर येऊन बसला.

"अगो, पुढे घे! पुढे!" मी ओरडलो.

"पहिलाच टाकलाय बाबा!" तिने परत पहिला टाकला. गाडी परत मागे! दुसरा खांब!

भाई पांढराफटक पडला. "बाबू, माका कळला. गाडयेत किशोरी आसा!"

"काय बोलतंस भाई!"

"ह्या चेडवान गाडी इकूक काढल्यान मां? तिका ह्या घराकडसून जावचाच नाय! आणि मी पुढे जा म्हणान सांगितलंय. जल्मभर ती सांगल्याच्या उलटाच करी!"

हे खोटं नव्हतं.

भाईने दुसरा नारळ मागवला. आता तो गाडीला पाठमोरा उभा राहिला. "बाये किशोरी! चुकला आमचा! तुका पुढे जावचा नाय तर जाव नको. मागे जा गो बाये!" मग तेजस्वीवर ओरडला, "उलटो गिअर टाक! उलटो!"

तिने उलटा गिअर टाकला.

गाडी हळूच पुढे आली. तुटका मांडव डोक्यावर घेऊन, एखादी बाई मोळी घेऊन येते तशी, आपल्या दारात येऊन थांबली.

त्याच क्षणी मला कळलं. वरचं भोक! होडीला जे बरोबर, ते गाडीला उलटं; पुढचं मागे जातं, डावीकडचं उजवीकडे. पहिल्याच्या जागी उलटा, उलट्याच्या जागी पहिला. मी बोलायला तोंड उघडलं.

सावित्रीवयनी हातात केरसुणी घेऊन धावत आली. "कोणी केल्यान ह्या? माझी कोकमां! थांब मेल्या बाबू, तुझो..." कोणीतरी तिच्या कानात सांगितलं. केरसुणी खाली आली. ती गाडीपाशी गेली आणि टपावर हात ठेवून म्हणाली, "किशोरी, रागव नको गो. कोकमांचा काय ना. परत करतलंय."

मी परत तोंड उघडलं. तेव्हा गाडीतून आवाज आला. तेजस्वी दांड्यावर दोन्ही हात ठेवून, त्यावर कपाळ टेकून बसली होती. "आये," म्हणाली. पुण्याला गेल्यापासून ती आई म्हणते. "आये गो." आणि रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, शेंबूड येईपर्यंत.

मी तोंड मिटलं.

रविवारी ओरोसचे क्लार्क आले. भाईने त्यांना फाटकातच सगळं सांगितलं. "मी असल्या गोष्टी मानत नाही," ते म्हणाले. ऐटीत बसले, पहिला टाकला आणि मागे जाऊन भाईच्या माडाला लागले. "विचार करून कळवतो," म्हणाले, आणि उन्हातून चालत एसटीच्या थांब्यावर गेले. त्यांची छत्री आमच्याकडेच राहिली.

तेजस्वी पुण्याला निघाली तेव्हा मी तिची पिशवी घेऊन थांब्यावर गेलो. बस लांबून दिसली तशी ती म्हणाली, "बाबा, वायर उलट्या लागल्यात ना?"

"व्हय."

"मला उलटा गिअर टाकल्यावर लगेच कळलं."

"मगे बोललंस नाय ती?"

"तुम्ही बोललात?"

बस आली. दारात चढून ती म्हणाली, "गाडी विकत नाही मी. पण नीट करून ठेवा. पुढच्या खेपेला मला चालवायची आहे."

मी बरं म्हटलं.

आता सावित्रीवयनी रोज संध्याकाळी गाडीपाशी येते आणि वाडीतल्या बातम्या सांगते. मला नाही, गाडीला. मी ओसरीवर बसून ऐकतो. कधीकधी ती मध्येच थांबते आणि हसते, जणू पलीकडून काही उत्तर आलं. काय आलं असेल याचा मला अंदाज असतो.

पाना गाडीतच ठेवला आहे. दोन्ही वायर वरच्या भोकातून काढून खालच्या भोकात घालायच्या आहेत. अजून घातलेल्या नाहीत.