सतरा नंबरचे मि. किलिंडर

आमच्या गल्लीत उत्तमकाकांच्या ताब्यात एकोणीस जुन्या मोटारी आहेत. त्यांतली एकही आजवर कुणी पाहिलेली नाही.

१९२८ची 'पैनगंगा टूरर' जांभळ्या रंगाची असून तिच्या डाव्या दाराला सुतळी बांधलेली आहे. १९३४ची 'राजूर सिक्स' घाट चढताना उजवीकडे ओढते. 'लोणार रोडस्टर'ला पहिल्यापासून सरोवराचं खारं पाणी पाजलं गेलं, त्यामुळे तिचा रेडिएटर पांढरा पडला आहे. 'मेहकर लिमोझिन'ला हॉर्न नाही, त्याऐवजी किलिंडर ओरडतो. किलिंडर म्हणजे क्लिनर, ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस. तो नसेल तर काका गाडीची नोंदच घेत नाहीत.

या सगळ्या गाड्या एका लाल पाठीच्या रजिस्टरात उभ्या असतात. वर्षातून एका रविवारी सकाळी सात वाजता काका त्यांना रॅलीत उतरवतात. मार्ग ठरलेला आहे: चिखली, मेहकर, सुलतानपूर, बीबी.

काका एकतीस वर्षं चिखलीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागे बसायचं, कोणती गाडी किती वाजता आली नि किती वाजता सुटली ते लिहायचं, आणि भोंग्यावरून सांगायचं. स्वतः त्यांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ते हँडल धरून शेजारून चालत नेतात. पण एकतीस वर्षं लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला आणि त्यांनी एकच उत्तर दिलं, "येऊन राह्यली." ते उत्तर त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं. लाइट कधी येईल? येऊन राह्यली. घंटागाडी? येऊन राह्यली. मी एकदा चिडून विचारलं, काका, या देशात समता कधी येईल? त्यांनी घड्याळात पाहिलं आणि अगदी मनापासून तेच उत्तर दिलं.

रॅलीच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसतात आणि तोंडाला रॉकेलचं जुनं नरसाळं लावतात. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे, पैनगंगा टूरर फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. गल्लीतली माणसं तोंडातला ब्रश तसाच ठेवून ऐकतात. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर थांबून लिमोझिनची चौकशी करतो. काका सांगतात, मेहकरच्या अलीकडे मागचं टायर बसलं, किलिंडर खाली उतरला. न्हाव्याचा जीव टांगणीला लागतो, आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाचाही. अकरा वाजता निकाल लागतो. एकोणीसच्या एकोणीस गाड्या पोचलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे लिहिलेलं असतं 'वेळेवर'. पहिला नंबर कुणाचाच नसतो.

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे बाबा गावोगाव पत्रकं वाटायचे आणि मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. आता मजकूर मी लिहिते. काका मला नावानं हाक मारत नाहीत, 'पत्रक' म्हणतात. साहजिकच या रॅलीला माझा तात्त्विक विरोध होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की या असल्या मोटारी कुणाकडे असायच्या, जमीनदारांकडे आणि साहेबांकडे. गरिबाच्या अंगावर धूळ उडवणाऱ्या गाड्यांचे लाड तुम्ही कशाला करता?

काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. गाडीचं नाव, चालक, किलिंडर. मालकाचा रकानाच नव्हता.

"मालक गाडी हाकते का वं?" त्यांनी विचारलं.

मी विरोध मागे घेतला. तसं पत्रक मात्र काढलं नाही.

एक गोष्ट मला खटकायची. काका आमच्या दारात रोज उभे राहायचे, पण आत कधी आले नाहीत, आमच्याकडचा चहा कधी घेतला नाही. आणि माझ्या आईशी बोलायची वेळ आली की मान खाली घालून चपलांशी बोलायचे. बायकांशी डोळ्याला डोळा भिडवून न बोलण्यामागच्या मानसिकतेवर मी त्यांना वीस मिनिटं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव, बराबर हाये तुवं." दुसऱ्या दिवशी पुन्हा चपलाच.

मग यंदा खरी रॅली आली.

मोठ्या शहरातल्या हौशी लोकांचा एक क्लब आपल्या जुन्या मोटारी घेऊन लोणारला निघाला होता. चिखलीत नाश्ता आणि इथूनच सुटण्याचा झेंडा. स्थानिक जुन्या गाड्यांनाही प्रवेश होता आणि फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात ठेवले होते. आम्ही तीन वर्षं पत्रकं काढूनही मेहकर रोडवरचे जे खड्डे बुजले नाहीत, ते या मोटारींसाठी तीन दिवसांत बुजले. मी त्याच दुपारी मजकूर छापायला टाकला.

काकांनी मात्र फॉर्म पाहिला. कोरा फॉर्म दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी दुकानातच उभ्यानं भरला. गाडी: 'चिखली स्पेशल', १९३१. चालक: उत्तम. पुढे 'नॅव्हिगेटर' असं छापलं होतं. ते त्यांनी खोडून सुवाच्य अक्षरात 'किलिंडर' लिहिलं आणि नावाची जागा कोरी सोडली. हौस फिटली, फॉर्म तिथेच राहिला. झेरॉक्सवाल्यानं इमानदारीत बाकीच्यांबरोबर तोही पाठवून दिला.

आठवड्यानं पाकीट आलं. आपला प्रवेश स्वीकारण्यात आला आहे, क्रमांक सतरा. चालक श्री. उत्तम, सहचालक मि. किलिंडर. सोबत छातीला लावायचे दोन बिल्ले. आणि खाली हातानं लिहिलेली एक ओळ: मि. किलिंडर यांना जेवण कमी तिखट हवे असल्यास आधी कळवावे.

गल्ली दोन दिवस हसत होती. मि. किलिंडर कुठल्या देशाचे, त्यांना ठेचा चालेल का, यावर न्हाव्याकडे चर्चा रंगली. काका मात्र जेवेनासे झाले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटी नोंद झाली नव्हती. गाडी नाही आणि तिची नोंद आहे, हे त्यांना सहन होईना. मी म्हटलं, मग तुमच्या रजिस्टरातल्या एकोणीस गाड्यांचं काय?

"त्या निंघतात," काका म्हणाले.

उपाय सोपा होता. मी दोन ओळींचं पत्र तयार केलं, 'गाडी क्रमांक सतरा रद्द समजावी', आणि सहीसाठी पुढे ठेवलं. काकांनी तीनदा पेन उचललं आणि तीनदा ठेवलं. शेवटी म्हणाले, हा एक शब्द तेवढा काढ. मी 'रद्द' काढून 'माघार' लिहिलं. तेही नको. मग 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं सुरू केलं, तर त्यांचा चेहराच उतरला. स्टँडच्या फळ्यावरून ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"माह्या हातानं लय वेळा लिहिला तो शब्द," ते म्हणाले. "आता नाई लिहित मी."

ते पाणी प्यायला आत गेले. रजिस्टर ओट्यावरच होतं. मला वाटलं, यातच एखादा सोयीचा शब्द सापडेल. रॅलीची पानं चाळताना लक्षात आलं की प्रत्येक पानाची उजवी कड आत दुमडलेली आहे. मी ती उलगडली. तिथे आणखी एक रकाना होता, जो नरसाळ्यातून कधी वाचला गेला नव्हता. प्रवासी.

राजूर सिक्स: बुलढाण्याला मुलाखतीसाठी निघालेला मास्तर. लोणार रोडस्टर: पोटुशी बाई आणि तिची सासू. मेहकर लिमोझिन: मोतीबिंदूचा म्हातारा. प्रत्येकापुढे बारीक पेन्सिलीनं, स्टँडवर ज्या बसची वाट पाहिली तिची जुनी वेळ आणि 'फेरी रद्द'. सातव्या ओळीत जांभळी पैनगंगा टूरर होती. प्रवासी: वनिता. चिखली ते बीबी. वडील सिरियस. सायं. ५.४०, फेरी रद्द.

माझ्या आईचं नाव वनिता. माहेर बीबी.

मी कड होती तशी दुमडली आणि घरी आले. आई मेथी निवडत होती. मी विचारल्यावर तिनं मान वर केली नाही. म्हणाली, हो, तोच तो कंट्रोलर. माझ्या जन्माआधीची गोष्ट. आजोबांचं कळल्यावर ती दुपारी स्टँडवर जाऊन बसली आणि रात्र पडेपर्यंत बसून राहिली. सकाळी जीपनं पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं.

"दर घंट्याले मी खिडकीपाशी जाओ," आई म्हणाली. "तो म्हणे, येऊन राह्यली. खोटं नव्हता बोलत तो. त्याले बी वाटे, येईन. दोनदा चहा आणून देल्ला त्यानं मले."

मग इतकी वर्षं एका गल्लीत राहून त्याबद्दल एकदाही का बोलली नाहीस, असं मी विचारलं. आईनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. तो बोलला नाही म्हणून मी बोलले नाही, म्हणाली. सतरा नंबरच्या पत्राचं काय झालं, ते मात्र तिनं विचारून घेतलं. पत्र मी फाडलं होतं.

रविवारी सकाळी मेहकर रोडवरच्या मैदानात सोळा मोटारी चकचकत उभ्या होत्या. मी बगलेत पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले होते. काका पांढऱ्या शर्टात, रजिस्टर छातीशी धरून, सतरा नंबरच्या रिकाम्या चौकोनात उभे होते. खरं काय ते तोंडी सांगून माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एकेक मोटार सुटत होती. सोळावी सुरूच होईना. तिच्या मालकानं मोठ्या अपेक्षेनं आजूबाजूला पाहिलं, आणि मला सांगायला लाज वाटते, मी ती ढकलली. पत्रकं बगलेतच होती.

मग क्लबचा टोपीवाला माणूस यादी घेऊन आमच्याकडे आला. वागायला सभ्य होता. त्यानं सतरा नंबर पुकारला आणि मिस्टर किलिंडर दिसत नाहीत, असं म्हणाला.

"मीच किलिंडर," मागून आवाज आला.

आई होती. ठेवणीतलं लुगडं, हातात डबा. तिनं काकांच्या हातातला दुसरा बिल्ला घेतला आणि पदरावर लावला. टोपीवाल्यानं यादीत पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि अदबीनं नमस्कार केला. मग काकांना विचारलं की गाडी कुठे आहे.

काकांनी तोंड उघडलं. तेच दोन शब्द, एकतीस वर्षं तोंडात असलेले. आईसमोर ते त्यांना बोलवेनात. तोंड मिटून ते तिच्या चपलांकडे पाहू लागले.

"येऊन राह्यली," आई म्हणाली.

टोपीवाला घड्याळ पाहत थांबला. आम्हीही थांबलो. चिखलीहून सुटणारी बीबीची बस पंचवीस मिनिटं उशिरानं दिसली. आई रस्त्याच्या कडेला गेली आणि तिनं हात केला. काका घाईघाईनं तिच्या मागे धावले.

"इथं थांबा नाई हो, बाई," ते कळवळून म्हणाले. "नियमात बसत नाई."

"मले बीबीले जायचं हाये, भाऊ," आई म्हणाली. "चाला."

बस थांबली. आई चढली, तिच्यामागे दांडा धरून काका चढले. खिडकीशी बसल्याबरोबर त्यांनी रजिस्टर उघडलं, घड्याळ पाहिलं आणि पेन्सिल काढली. आई डबा त्यांच्या पुढे धरून होती, आणि लिहून होईपर्यंत त्यांनी तिला थांबवून ठेवलं.

टोपीवाल्याला काही उमगलं नव्हतं. बस वळणाआड गेली तरी तो यादी धरून तिथेच उभा होता. शेवटी त्यानं मला विचारलं की सतरा नंबरपुढे काय लिहू.

मी म्हटलं, "सुटली, असं लिहा."