हातावरच्या इसबाचे समूळ उच्चाटन

समाजाची प्रगती आधी त्याच्या कातडीवर दिसते. माणूस एक वेळ खोटे बोलेल. खाज बोलत नाही, ती फक्त येते.

आमच्या त्वचा दवाखान्याने इसबाचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष हाच आहे. पूर्वी शंभरातले साठ रुग्ण भेगाळलेली बोटे पुढे करून येत. कारणे अगदीच मागासलेली: भांडी, धुणी, फरशी. पुढे घड्याळे आली आणि इसब मनगटावर चढला. कलप आला तसा तो कपाळावर पोचला (सासऱ्यांपेक्षा जावयांत प्रमाण अधिक), मग हेडफोनबरोबर कानात शिरला. आता तर मनगटी पट्ट्याखालची खाज त्याच पट्ट्यावर मोजणारे रुग्ण येतात. शिकलीसवरलेली खाज म्हणतात ती हीच.

हातावरचा इसब मात्र घटत घटत शून्यावर आला. दवाखान्याची वेळ संध्याकाळऐवजी सकाळची केली, तेव्हापासूनच ही घट सुरू झाली. पण शास्त्रात योगायोगाला थारा नसतो.

या यशाबद्दल मोठ्या डॉक्टरांचा दवाखान्यातच संध्याकाळी सत्कार ठरला. चहाचे कप विसळायला त्यांच्याच घरी भांडी घासणाऱ्या मावशींना बोलावले होते. सकाळी चार घरची कामे असल्याने मावशींनी हा दवाखाना आतून कधी पाहिलाच नव्हता. सत्कार आटोपल्यावर त्यांनी पदराआडून हात बाहेर काढले. बोटे सोललेली, लाल. खाजेने झोप लागत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मोठे डॉक्टर मुळात प्रेमळ. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि हळू आवाजात सांगितले, "मावशी, हा आजार आता बंद झालाय."

"बरंच झालं की, साहेब. खाजेला कुणी कळवलं नाही वाटतं."

मलम देणे भाग होते, पण हाताच्या रुग्णांचे मलम मागवणेच थांबले होते. मनगटाचे होते, ते घड्याळवाल्यांसाठी. शेवटी डॉक्टरांनी स्वतःचे घड्याळ काढून मावशींच्या मनगटावर बांधले, 'घड्याळाचा इसब, खाली उतरलेला' असे निदान केले, ट्यूब दिली आणि घड्याळ परत घेतले. सगळ्यांना भरून आले.

"आठवडाभर पाण्यात हात घालायचा नाही," त्यांनी बजावले.

"मग उद्या तुमची भांडी?"

डॉक्टरांनी घड्याळ पुन्हा आपल्या मनगटावर बांधले. मग म्हणाले, "भांडी झाल्यावर लावा."

अशा रीतीने शून्य वाचले. वाचकांपैकी कोणाला शंका असल्यास त्यांनी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या हातांकडे आज एकदा पाहावे. आजवर कधी पाहिले नसेल, तर मात्र तसदी घेऊ नये. आपल्याही घरी प्रमाण शून्यच धरले आहे.