प्लेटवाले केळुसकर

केळुसकर भाऊजी माणसाच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलतच नसत. बघायचे ते थेट तोंडाकडे. बेलवलीच्या आमच्या चाळीत ते शेजारी राहायला आले, त्या दिवशी मी चहा घेऊन गेले. चहाचं राहिलं बाजूला, म्हणाले, "वहिनी, तुमचा खालचा डावा सुळा रांग सोडून उभा आहे." मी आठ दिवस तोंड मिटून फिरले.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी डॉक्टरांच्या दवाखान्यामागे ते काम करायचे. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून प्लॅस्टरचे दात ओतायचे आणि वाकड्या दातांसाठी प्लेटा बनवायच्या. टाळूला बसणारी गुलाबी प्लेट, दातांपुढून जाणारी तार. तिथल्या सिंधी लोकांत वावरून सगळ्यांना आदराने 'साईं' म्हणायची सवय लागलेली. आमच्या सासूबाईंनाही साईंच म्हणत.

लोक शोकेसमध्ये बाहुल्या ठेवतात, यांच्याकडे अख्ख्या चाळीचे प्लॅस्टरचे दात, खाली नावाच्या चिठ्ठ्या. माप द्यायला कोणी नाही म्हटलं की त्याला कच्चा पेरू द्यायचे. तो चावला की पेरू काढून घ्यायचे आणि उजेडात धरून दातांच्या खुणा बघत बसायचे. पेरू काही परत मिळत नसे. "दाढा मिटा, ओठ उघडा," हे त्यांचं पालुपद. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही त्यांनी ते सांगितलं, आणि भटजींनी ऐकलं, आता बोला!

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो. पण घरात शैला होती.

शैला त्यांची एकुलती एक. आई तिची लवकर गेली, आणि पोरीचे वरचे दात चांगलेच पुढे. आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा केळुसकरांनी ठरवलं, बापच कारागीर असल्यावर डॉक्टर कशाला? इथेच तर घोडं पेंड खात होतं. या माणसाने जन्मभर प्लॅस्टरचेच दात हाताळलेले. प्लॅस्टरचा दात दुखत नाही, त्याला शाळेत कोणी 'खवणी' म्हणत नाही.

दर रविवारी सकाळी गॅलरीत स्टुलावर तिला बसवायचे, पक्कडीने प्लेटची तार टाइट करायचे आणि मोठ्याने जाहीर करायचे, अर्धा मिलिमीटर आत गेले. आम्ही बायका भाजी निवडत बघायचो आणि, खोटं कशाला बोलू, हसायचोही. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. कधी पोर विसरून खळखळून हसली की हे धावलेच. "थांब साईं, तशीच थांब," म्हणत हनुवटी धरायचे आणि दातांना मोजपट्टी लावायचे. हळूहळू ती हसताना तोंडावर तळवा धरायला लागली. मग ती सवयच झाली.

प्लेटा झाल्या सात की आठ. दात जरा आत यायचे, प्लेट सुटली की पुन्हा पुढे. केळुसकर खचत चालले. एकदा मला म्हणाले, "लग्नाचं जाऊ दे वहिनी, होईल न होईल. तिने एकदा हात न लावता हसावं, एवढंच मागणं आहे." तोवर मी या माणसाला नुसता विक्षिप्त समजत होते.

नव्वद साल उलटल्यावर अंबरनाथला एक तरुण डॉक्टरीण आली. ती दातांवर धातूच्या बारीक टिकल्या चिकटवायची आणि त्यांतून तार ओवायची. काढघाल नाहीच. शैलाचं तोंड बघून तिने सरळ सांगितलं, असे दात प्लेटने नीट होणारे नव्हतेच. केळुसकर त्या दिवशी जेवले नाहीत. याच टिकल्यांपायी त्यांचं कॅम्पातलं प्लेटांचं काम आटत चाललेलं, उरल्या होत्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या. तरी दर महिन्याला पोरीला अंबरनाथला न्यायचे ते तेच. बाहेर बाकावर बसून राहायचे.

दोन वर्षांनी टिकल्या निघाल्या. दात असे सरळ, की दृष्ट काढावी. केळुसकर तिला घेऊन पेढे वाटायला आमच्याकडे आले. मी म्हटलं, शैले, हस बघू. ती हसली, आणि तळवा गेला वर. केळुसकर पुडा हातात धरून तसेच उभे राहिले.

आता जे मी कधीच कोणाला सांगितलं नाही ते सांगते. शैला दुपारची माझ्याकडे यायची, आणि माझ्या स्वयंपाकघरात ती मोकळी हसायची. सगळे दात दाखवून, हात खुशाल मांडीवर. बापाची चाहूल लागली की मात्र हात वर. कसं सांगायचं त्या माणसाला, की पोर सगळ्यांसमोर हसते, फक्त तुमच्यासमोर नाही?

एका रविवारी मी तिला माझ्या नणंदेची फजिती सांगत होते. ती हसत सुटली, थांबेचना. कोथिंबिरीच्या काड्या टाकायला मी दार उघडलं, तर बाहेर भिंतीला पाठ लावून केळुसकर उभे. चपला हातात. केव्हाचे उभे होते कोण जाणे.

मी म्हटलं, "भाऊजी, या ना आत."

त्यांनी मान हलवली. अगदी हळू म्हणाले, "नको वहिनी. मी आलो की ती थांबेल. दार तेवढं उघडं ठेवा."

आतून शैलाने विचारलं, "कोण आहे गं काकू?"

मी म्हटलं, "कोणी नाही."